निखिलला आर्नहेमला दिलंस, त्याबद्दल

अभय, तू गेल्यापासून फारच चांगला माणूस झाला आहेस. तीन आठवडे झाले, रोज कोणी ना कोणी मला तुझ्या चांगुलपणाची नवी गोष्ट ऐकवतं. तू कोणाला विमानतळावर आणायला गेला होतास, कोणाच्या मुलीला सायकल शिकवली होतीस, कोणाला घर मिळेपर्यंत तुमच्या वरच्या खोलीत ठेवून घेतलं होतंस. असेल सगळं खरं. पण तुझं नाव निघालं की मला आठवतो तो पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकून "मेधा, भावनेत वाहून जाऊ नकोस, टीमचं रोस्टर बघ" म्हणणारा माणूस. त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

मी कशी आहे असं विचारशील तर ठीक आहे. तुझ्या केतकीचा फोन आला, तू ऑफिसात मीटिंगमध्ये बसल्या बसल्या गेलास म्हणून, तेव्हा मी फोन ठेवला आणि समोरचा टेस्ट रिपोर्ट पूर्ण केला. नीट केला, त्यात कोणाला एक चूक सापडली नाही. मग कोट घातला आणि ट्राम पकडली. तेव्हापासून सगळं तसंच चाललंय. आमटीत मीठ बरोबर पडतं, सायकलमध्ये हवा भरली जाते, ऑफिसात कोणी विनोद केला तर मी हसतेसुद्धा. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच मला माझी वाटत नाही, एवढंच.

क्रिमेटोरियममध्ये आपल्याला वेळ ठरवून दिली होती. तुझ्या ऑफिसातले डच लोक ओळीने येत होते, केतकीचा हात हातात घेऊन 'खेकोन्डोलेर्ट' म्हणत होते आणि पुढे सरकत होते. त्यांना निदान सांत्वनाचा एक शब्द ठरलेला आहे. आपल्या लोकांना काय बोलावं तेच सुचेना. नंतर कॉफी आणि केकचा तुकडा आला. केक खायचा की नाही यावर मराठी मंडळाच्या बायकांत कुजबुज झाली. मी खाल्ला. तू दोन खाल्ले असतेस.

मंडळाला गुढीपाडव्याच्या अंकासाठी तुझ्यावर लेख हवाय, म्हणून हे लिहितेय. जन्म, शिक्षण, नोकऱ्या वगैरे दुसरं कोणीतरी लिहील. ज्यांना आपली हॉकी माहीत नाही त्यांच्यासाठी मात्र थोडं सांगावं लागेल. तेवढा वेळ तू दुसरीकडे बघ.

अभयने जन्मात कधी हॉकीची काठी धरली नव्हती. नेदरलँड्सला येण्याआधी तो टोरांटोला प्रोजेक्टवर होता. तिथल्या थंडीत संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बर्फावरची हॉकी बघायला लागला. तिथे लोक खेळाडूंवर जीव टाकतात. हा पठ्ठ्या जीव टाकून बसला जनरल मॅनेजरवर, म्हणजे कोणता खेळाडू द्यायचा, बदल्यात कोणता घ्यायचा, हे ठरवणाऱ्या सुटातल्या माणसावर. इथे द हेगजवळ रायस्वाइकला आल्यावर आमच्या मिक्स टीमच्या समन्वयकाची जागा रिकामी होती, ती त्याने घेतली आणि पहिल्याच मेसेजखाली सही केली, 'अभय, जीएम'. मी पुण्यात विद्यापीठाकडून फुलबॅक खेळलेली. हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्या भेटीत त्याने मला हॉकी समजावून सांगितली. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग काय ते सांगितलं. तो जराही ओशाळला नाही. "मग तू डिफेन्स बघ, बाकीचं मी बघतो," म्हणाला.

मराठी मंडळांच्या टीम तीन. रायस्वाइकची आमची, एक आर्नहेमची, एक आइंडहोवनची. नोकऱ्या बदलतात, माणसं गावं बदलतात, एका टीमकडे तीन गोलकीपर साठतात आणि दुसरीकडे एकही नसतो. म्हणून हिवाळ्यात मैदानं बंद असताना खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, करायची पद्धत पडली. तिला संक्रांतीची मुदत घातली ती अभयने. तिघे मॅनेजर उत्रेख्तजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात भेटणार, काय तो सौदा करणार आणि एकमेकांना तिळगूळ देणार. तिळगूळ तोंडात गेला की व्यवहार पक्का. मग सीझन संपेपर्यंत मोडायचा नाही, आणि दिलेल्या खेळाडूने रुसायचं नाही.

झालं सांगून. आता इकडे बघ.

तुझे सगळेच ट्रेड वाईट होते असं मी कधीच म्हटलं नाही. आइंडहोवनचा तो जाडा गोलकीपर तू दोन चपळ पोरं देऊन आणलास तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. त्या वर्षी आपण त्याच्या जिवावर पहिले आलो. मी कबूल केलं, तुला जेवायला बोलावलं, आणि तू पुरणपोळी खाताना सगळा वेळ त्याच ट्रेडबद्दल बोललास. पण आर्नहेमच्या मॅनेजरने, भोसल्यांनी, तुला तो सेंटर हाफ गळ्यात मारला तेव्हाचं काय? खेळाडू उत्तम, फक्त त्याचं परमिट संपत आलं होतं. दोन मॅच खेळला आणि बायकामुलांसह पुण्याला परत गेला. त्यानंतर तू कोणाचाही खेळ बघायच्या आधी रेसिडन्स कार्ड कधीपर्यंतचं आहे ते विचारायला लागलास. लोकांना वाटायचं, किती काळजी करतो हा माणूस.

आणि मग या संक्रांतीला तू निखिल दिलास.

आपले निम्म्याहून जास्त गोल करणारा पोरगा. त्याच्या पायात वारं आहे, डोकं थोडं हवेत आहे, पण सर्कलमध्ये बॉल मिळाला की गोल. तो तू आर्नहेमला दिलास आणि बदल्यात कोणाला आणलंस, तर प्रसाद देशमुखला. शेहेचाळीस वर्षांचा डिफेंडर, धावायला लागला की मला माझ्या मामांची आठवण येते. मी तुला फोन करून विचारलं, तिळगुळात काही होतं का. तू म्हणालास, निखिल खेळतो तेव्हा बाकीचे दहा जण बघत उभे राहतात. मी म्हटलं, उभे राहू देत की, गोल होतोय ना. तू म्हणालास, आपण खातो किती गोल ते बघ, भोक मागे आहे. यावर आपण महिनाभर भांडलो. फोनवर, ट्रामच्या स्टॉपवर, केतकीच्या स्वयंपाकघरात. शेवटचं सुपरमार्केटात भेटलो. तुझ्या हातात कोथिंबीर होती आणि मी रांगेतच सुरू झाले. मागच्या डच बाईने आपल्याला पुढे सरका म्हणून सांगितलं. तू पैसे दिलेस, पिशवी उचललीस आणि जाता जाता म्हणालास, "मार्चमध्ये बघू." ते आपलं शेवटचं बोलणं. मला ते खूप लागलंय असंही नाही. आपण नेहमी तसेच निघायचो.

तर ते केक-कॉफी चाललं होतं तेव्हा मी ऐकलं, की अभयने निखिलला का दिलं माहितीये का, निखिलचं ऑफिस आर्नहेमला, बिचाऱ्याची दगदग होत होती. आणि प्रसादला का घेतलं, तर त्याचा घटस्फोट झालाय, द हेगला नवीन नोकरी, एकटाच राहतो, चार माणसांत यावा म्हणून. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी डोळे पुसले. मला तुझ्यासाठी इतका संताप आला. केतकीच्या ओट्याशी उभं राहून तू मला काय म्हणाला होतास ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. "त्याच्या घरात काय चाललंय त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. पेनल्टी कॉर्नरला तो बॉलच्या अंगावर धावून जातो, मला तेवढंच हवंय." हा तू. चुकीचा असशील, पण तू हॉकीचा विचार करत होतास. तुझी अक्कल काढून घेऊन हे लोक तिथे तुझा चांगुलपणा बसवत होते, आणि तुला काही बोलता येत नव्हतं.

मग भोसल्यांचा फोन आला. टीम आता माझ्याकडे आली आहे, कोणी ठरवलं नाही, फोन मात्र मलाच यायला लागले. मार्चमधली पहिली मॅच त्यांच्याशीच होती. म्हणाले, "मेधाताई, अभयची आठवण म्हणून निखिलला परत पाठवतो. आणि प्रसादलाही ठेवा तुम्ही." अगदी मनापासून बोलत होते. मी आभार मानले आणि उद्या सांगते म्हटलं. ग्रुपवर कळलं तसे हात जोडल्याचे इमोजी पडायला लागले. निखिलने स्वतः फोन करून, मी येतो परत, असं सांगितलं.

मला निखिल हवा होता रे. तुला माहीतच आहे. पण तो असा परत आला असता तर तुझा शेवटचा ट्रेड बरोबर होता की चूक हे कोणालाही कधीच कळलं नसतं. तू त्या बिचाऱ्यांचं भलं करणारा देवमाणूस म्हणून फोटोत राहिला असतास आणि आपलं भांडण कोणीतरी फाईल बंद करावी तसं बंद करून टाकलं असतं. मला ते नको होतं. तेवढी एकच गोष्ट तुझ्या-माझ्यातली अजून चालू होती.

तरी मी केतकीला विचारायला गेले, कारण बायको म्हणून तिचा हक्क माझ्यापेक्षा मोठा. ती धुतलेल्या कपड्यांचा ढीग समोर घेऊन बसली होती, त्यात तुझे शर्टही होते. तुमची इरा वरून डचमध्ये काहीतरी ओरडली, केतकीने मराठीत उत्तर दिलं. मी भोसल्यांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. पण एक सांग, तो चुकला होता का? सगळे येऊन तो किती चांगला होता ते सांगून जातात. मला त्याच्याबद्दल एक तरी खरी गोष्ट ऐकायचीय."

मी म्हटलं, माझ्या मते चुकला होता, पण खेळल्याशिवाय कळायचं नाही. ती म्हणाली, मग खेळा, आणि मला येऊन सांग.

भोसल्यांना मी कळवलं की तिळगूळ खाऊन झालाय, आता सीझन संपेपर्यंत काही नाही. ते बरं म्हणाले. आपल्या ग्रुपवरचे जोडलेले हात थांबले. दोघांनी मला वेगवेगळे फोन करून, हे बरं दिसत नाही, असं सुनावलं. एकाने तर मी अभयच्या आठवणीचा अपमान करतेय म्हटलं. मी त्याला म्हटलं, रविवारी वेळेवर ये.

रविवारी थंडी होती आणि ऊन होतं. सुरुवातीला सगळे मध्ये गोल करून तुझ्यासाठी मिनिटभर उभे राहिलो. निखिल त्यांच्या जर्सीत माझ्या समोर होता, त्याला रडू आवरत नव्हतं. शिट्टी झाल्यावर त्याच पोराने पहिला गोल आमच्यावर केला.

प्रसाद वाईट खेळला नाही. पेनल्टी कॉर्नरला खरंच बॉलच्या अंगावर धावून गेला, दोनदा मांडीवर घेतला, हूं की चूं केलं नाही. पण बाकी वेळ तो विचित्र उभा राहत होता. त्याची जागा मधली, माझी उजवीकडची. तो सारखा माझ्या उजवीकडे सरकायचा, मध्ये मोठं खिंडार पडायचं, आणि निखिल तिथूनच घुसायचा. मध्यंतराला मी त्याला बाजूला घेतलं आणि चांगलं झापलं. तुमची जागा सोडून माझ्या बाजूला काय येताय, मला माझी बाजू सांभाळता येत नाही का? तो पाण्याची बाटली हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "अभयने तसं सांगितलं होतं. मेधाच्या उजव्या हाताला राहा, तिला गुडघ्यामुळे वळायला वेळ लागतो आता. आणि तिला कळू देऊ नका म्हणाला होता."

पुढचा सगळा वेळ मी खेळले खरी, पण काय खेळले ते विचारू नकोस. चार-एक हरलो. आपला एक गोल पेनल्टी कॉर्नरवर. त्यांच्या चारांतले तीन निखिलचे.

माझा उजवा गुडघा गेल्या सप्टेंबरपासून दुखतोय. मी कोणाला बोलले नव्हते. मला वाटत होतं, मी तो छान लपवलाय. पट्टा पँटच्या आत बांधायचे, मॅचच्या आधी गोळी घ्यायचे. आणि तू, ज्याला काठी कुठून धरायची हे माहीत नव्हतं, तू बाजूला उभा राहून बघत होतास, की गेल्या सीझनला आपण खाल्लेले गोल कोणत्या बाजूने आले. भोक मागे आहे म्हणाला होतास. मी ते टीमबद्दल ऐकलं. तू माझ्याबद्दल बोलत होतास.

मग आता नीट बोलू, तुझ्याच भाषेत. तुझ्या बचावात एक खेळाडू संपत आलेली आहे. उपाय सोपा, तिला बाकावर बसव, तिच्या जागी दुसरी कोणी आण, तुझा स्ट्रायकर तसाच राहतो. हे कोणत्याही जीएमला कळेल. तुझ्या टोरांटोतल्या त्या सुटातल्या माणसांनी ते एका सकाळीत उरकलं असतं. तू मात्र सगळ्यात चांगला खेळाडू देऊन टाकलास, कशासाठी, तर त्या संपत आलेल्या खेळाडूच्या शेजारी एक माणूस उभा करायला, तिच्या नकळत. आणि मी तीन आठवडे साऱ्या मंडळाशी भांडत होते, की अभय भावनेने काही करणारा माणूस नव्हता म्हणून. मला तोंडघशी पाडलंस तू.

संध्याकाळी केतकीकडे गेले. सांगायचं कबूल केलं होतं. म्हटलं, चुकला होता तो. साफ चुकला होता. निखिलला ठेवून मला बसवायला हवं होतं. मला वाटलं, तिला लागलं. पण ती म्हणाली, "ते त्याला माहीत होतं. मीच म्हटलं होतं त्याला, मेधाला सरळ सांगून टाक. तर म्हणाला, तिला बसवली की ती यायचीच बंद होईल, मग माझ्या चुका कोण काढणार."

मग तिने मला जेवायला वाढलं. मी जेवले. इराने मॅचचा स्कोअर विचारला, मी सांगितला, तर ती डचमध्ये काहीतरी पुटपुटली. केतकी म्हणाली, बाबा असता तर चिडला असता म्हणतेय. खरं आहे. तू चिडला असतास, आणि एका मॅचवरून ट्रेड ठरत नाही म्हणाला असतास, आणि पार्किंगपर्यंत माझ्यामागे येऊन मला पुढच्या पाच मॅचचं गणित समजावलं असतंस. मी सायकल काढून चालती झाले असते.

बसवलं असतंस तर मी आले नसते का? नसते. तू मला ओळखत होतास. सहा महिने तोंड फुगवून घरी बसले असते आणि तुला फोनसुद्धा केला नसता. त्यातच हे शेवटचे आठवडे गेले असते, अभय. त्याऐवजी आपण रोज भांडलो.

पुढच्या रविवारची टीम आज सकाळी मी ग्रुपवर टाकली. प्रसादला मध्ये ठेवलंय, आणि त्याला सांगितलंय की इकडेतिकडे सरकायचं नाही. उजवीकडे डेल्फ्टहून येणारी ती नवी मुलगी खेळेल. माझं नाव टीममध्ये नाही. मी बाहेर उभी राहीन, गुडघ्याला पट्टा बांधून, उघड. सीझन असाच जाईल, बहुतेक शेवटचे येऊ, आणि ते सगळे माझ्यावर खापर फोडतील. फोडू देत.

ट्रेड चुकलाच तुझा. हे मी भोसल्यांना सांगितलंय, केतकीला सांगितलंय, आता इथे छापूनही टाकतेय. माझ्यासाठी एवढी मोठी चूक आजवर कोणी केली नव्हती.